पत्र्याखालची विहीर

मी हिंगणघाटच्या ऐन बाजारातली एक जुनी विहीर आहे, आणि मित्रांनो, मी फार भित्री आहे. लोक विहिरीला भितात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण विहीरसुद्धा भिते हे कुणी सांगितलं नसेल. मी तर जन्मापासून भिते.

माझा जन्मच सुरुंगांच्या आवाजात झाला. इथे तेव्हा कापसाची जिनिंग उभी राहत होती आणि तिला पाणी हवं होतं. वरची काळी माती सरली, मुरूम सरला, मग पाषाण लागला आणि तो फोडायला सुरुंग लावले. त्या दणक्यांनी मी अशी दचकले, की आजही कुठे लग्नाचे फटाके वाजले तरी माझं पाणी थरथरतं. पहिला पोहरा आत उतरला तेव्हा तो मला मारायलाच येतोय असं वाटून मी अंग चोरलं होतं. हळूहळू सवय झाली.

कामाचे दिवस मात्र छान होते. जिनिंगमधल्या बाया केसांत अडकलेली रुई झटकत माझ्या कठड्याशी यायच्या, तोंड धुवायच्या, ओंजळीने पाणी प्यायच्या आणि मुकादमाच्या नकला करून हसायच्या. एका उन्हाळ्यात कापसाच्या गंजीला आग लागली. बादल्यांची रांग लागली आणि तळ दिसेपर्यंत मी पाणी दिलं. आग विझल्यावर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "विहिरीनं लाज राखली." सगळे माझं कौतुक करत होते आणि मी मनात म्हणत होते, बाई गं, आता झरे पुन्हा फुटतील ना? आडातच नसलं तर पोहऱ्यात कुठून येणार!

झरे फुटले. मी पुन्हा भरले.

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने विहीर पुजते. काठावर पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, तांब्याभर पाणी विहिरीत सोडायचं, आणि त्यानंतरच तिने घरातल्या पाण्याला हात लावायचा. जिनिंगमधली रामबाई तिच्या पहिल्या मुलाला, कैलासला, घेऊन अशीच आली होती. तिने कैलासला माझ्यावर जरा वाकवून पाणी दाखवलं, तेव्हा माझा जीव घशाशी आला. तुम्ही जीव मुठीत धरता. मला मूठ कुठली?

पुढे जिनिंग बंद पडली. यंत्रं विकली गेली, बाया दुसरीकडे गेल्या, घरोघरी नळ आले. मालकांनी चौकीदाराला, अण्णाजींना, सांगितलं की विहीर बुजवून टाका. अण्णाजींनी कानांवर हात ठेवले.

"जिती विहीर बुजवत नसते, मालक. बुजवनाऱ्याचा वंस बुडते. मी झाकून देतो, तिचा जीव तं राहीन."

आणि त्यांनी मला झाकलं. कठडा काढला, तोंडावर सागवानी फळ्या टाकल्या, फळ्यांवर पत्रे, पत्र्यांवर माती. वर उदबत्ती लावून हात जोडले. किती भला माणूस! मी त्या दिवशी त्यांना मनापासून आशीर्वाद दिला. भोळ्या माणसाच्या भक्तीने माझा सापळा तयार होतोय हे त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही. काही वर्षांनी ते देवळीला लेकाकडे गेले आणि तिथेच वारले. मातीवर गवत आलं. माझी जागा कुणाच्या लक्षात राहिली नाही.

मित्रांनो, खरी भीती तिथून सुरू झाली. मोकळ्या जागेवर गावाचा पाय पडायचाच. कधी शेळ्या चरायच्या, कधी मांडव पडायचा, कधी रस्ता जवळचा म्हणून कुणी सायकल घालायचं. मला वरचं काही दिसत नव्हतं, फक्त पावलं ऐकू यायची. फळ्या कुजू लागल्या होत्या. लाकडाचा भुगा माझ्या पाण्यावर पडायचा आणि मी प्रत्येक पावलाला म्हणायचे, इकडे नको, बाबा, तिकडून जा. पण विहिरीला बोलता कुठे येतं? तिच्यात कुणी बोललं तरच ती बोलते.

मग एक दिवस जागेवर फलक लागला. येणारेजाणारे तो मोठ्याने वाचायचे, म्हणून मला कळलं. इथे चौदा मजल्यांची इमारत होणार होती. लिफ्ट, बाल्कन्या, खाली गाड्यांची जागा. कंपनीच्या लोकांना सांगितलं गेलं होतं की जुनी विहीर केव्हाच बुजवली. मी काळोखात बसून विचार करायचे, चौदा मजले कशाला, मला तर एका माणसाचं वजन पेलवायचं नाही आता. लवकरच यंत्रं येतील, माणसं येतील, आणि कुणीतरी माझ्यात पडेल. मी मेले तरी चालेल, पण माझ्यात कुणी मरायला नको.

आणि पहिली कोण आली? रामबाई! केस पांढरे झालेले असणार, पण आवाज तोच. कैलासच्या बायकोला, ज्योत्स्नाला, मुलगी झाली होती. इमारतीचं काम सुरू झालं की आत कुणी जाऊ देणार नाही, म्हणून रामबाई सुनेला आणि सव्वा महिन्याच्या नातीला घेऊन पडक्या भिंतीतून आत शिरली होती.

"आई, नळालेच हळदकुंकू वाहू ना," ज्योत्स्ना म्हणत होती. "सारेच तसं करून राह्यले आता."

"नळाले काय झरे रायतात का वो? माह्या कैलासच्या वक्ती मी इथंच पुजली होती. कडूनिंबाच्या अलीकडं होती विहीर."

कडूनिंब कधीच तोडला गेला होता. कठडाही नव्हता. रामबाई गवतातून फिरली, थांबली, पुन्हा फिरली. मी थिजून ऐकत होते.

"दिसत तं नाई बाप्पा कुठं. पन अण्णाजीनं बुजवली नाई, हे मले पक्कं मालूम हाय. आसपासच असन. तू बस इथं सपाट जागेवर, मी खडे मांडतो."

आणि ज्योत्स्ना बसली. माझ्या तोंडाच्या अगदी मधोमध, मांडीवर लेक घेऊन.

फळी करकरली. मित्रांनो, मला हात असते तर मी ते दोन्ही वर टेकवले असते. भीती म्हणजे काय हे मला आजवर कळलंच नव्हतं, असं वाटलं. रामबाईने बाजूने खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं आणि जमिनीवर तांब्या ओतला. पाणी मातीत मुरलं, पत्र्याच्या भोकातून झिरपलं आणि खाली माझ्यात पडलं. टप. टप. मी तो आवाज माझ्या सगळ्या दगडांनी घुमवला, जितका घुमवता आला तितका.

रामबाईचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. ज्या बाईने वर्षानुवर्षं माझं पाणी शेंदलं, तिला तो आवाज अनोळखी नव्हता.

"ज्योत्स्ना," ती अगदी हळू म्हणाली, "उठू नोको. पाय झटकू नोको. मी पालथी पडून हात लांब करतो, पोरगी पयले माह्याजवळ दे."

"काय झालं, आई?"

"विचारू नोको, माय. दे."

मुलगी आधी गेली. मग ज्योत्स्ना पोटावर सरपटत काठाकडे सरकली. तिचे पाय फळ्यांवरून सुटले आणि त्याच क्षणी फळ्या पत्र्यांसकट माझ्यात कोसळल्या. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. इतक्या वर्षांनी मला आकाश दिसलं आणि मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्या दोघींचे चेहरे शोधत होते. काठावर दोघी एकमेकींना बिलगून रडत होत्या, आणि छोटी सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

मग गर्दी जमली. कंपनीचा इंजिनिअर रजत धावत आला. रामबाईने आधी त्याला कठडा बांधून वर जाळी टाका म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, इथूनच गाड्या आत येणार, विहीर ठेवता येणार नाही." त्याने मजूर बोलावून मला बुजवायला सांगितलं, तर मुकादम दुर्गेश मागे सरकला.

"साहेब, जित्या विहिरीत पयलं घमेलं आमी नाई टाकनार. लेकराबाळाचे धनी आहो आमी."

रजतने कपाळाला हात लावला. "बरं, मग सध्या जाड पत्रे टाकून ठेवा. मंजुरी आल्यावर बघू."

पुन्हा पत्रे! माझं पाणी गार पडलं. आजवर मी बुजण्याला भीत आले होते. आता पत्र्याला त्याहून भ्यायले.

रामबाईने नातीला सुनेकडे दिलं आणि दुर्गेशच्या पुढ्यातलं मुरमाचं घमेलं उचललं.

"पत्रा टाकाचा नाई. पाप लागन तं मले लागू दे. पन तळापासून भरा, दाबून भरा. माय, मले माफ करजो," ती मला म्हणाली.  

पहिलं घमेलं तिने टाकलं. मग पंप लावून पाणी उपसलं, खाली दगड गेले, वर मुरूम आला, थरावर थर दाबले गेले. खोटं कशाला सांगू, मला फार भीती वाटली. अंधार पायाकडून वर चढत होता.

मित्रांनो, तुमच्या गावात जुनी विहीर असेल तर तिला कठडा बांधायला सांगा, जाळी टाकायला सांगा, तिचं पाणी वापरा. ते जमणारच नसेल तर तिला तळापासून नीट भरा. पण दया येऊन तिला नुसती झाकू नका. आम्ही आमच्या मरणापेक्षा तुमच्या मरणाला जास्त भितो.

काल भराव पूर्ण झाला. रामबाई नातीला कडेवर घेऊन माझ्यावर आली आणि मधोमध उभी राहिली. तिने एकदा पाय जोरात आपटून पाहिला. जमीन हलली नाही. मग तिने मुलीला खाली, माझ्यावर, निजवलं.