तुलनेचा वर्ग

"तुमचा विश्वास बसणार नाही, बाई, पण खालच्या वाडीतल्या आठही पोरांना एकाच दिवशी गोवर निघाला!" स्पास मास्तरांनी चीज भरलेल्या खुसखुशीत बनित्साची बशी पुढे सरकवली आणि दुसऱ्या हाताने टेबलाचा खण हळूच आत ढकलला. "शेरडांच्या अंगावरसुद्धा पुरळ आलं म्हणतात."

"चूक! परत वाच," पलीकडच्या खोलीतून एका मुलीचा आवाज आला.

राजधानीहून तपासणीला आलेल्या मिनेवाबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर मास्तरांनीच पाठवलेला अहवाल होता. शेगडीपाशी बसचा ड्रायव्हर लिंडनच्या फुलांचा चहा फुंकत बसला होता. बाईंना घेऊन त्याला अर्ध्या तासात घाट उतरायचा होता.

पलीकडे सहा मुलं जोडीजोडीने वाचत होती. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवून चुका धरायच्या, रोज वीस मिनिटं. हाच तो नवा वाचन-उपक्रम. वर्षापूर्वी यातल्या चौघांना एक ओळ सलग वाचता येत नव्हती. उपक्रमाचा गुण दिसला तर शाळा राहणार होती. नाहीतर पुढच्या सप्टेंबरपासून सहाही जण पहाटे उठून घाटाखालच्या शाळेत जाणार, आणि मास्तरांच्या दाराला कुलूप.

"मुलं सुधारलीत, हे दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण वर्षभरात मुलं वाढतातच, मास्तर. उपक्रमामुळे की नुसत्या वयाने, हे दुसऱ्या वर्गाशी ताडून पाहिल्याशिवाय कसं कळणार?"

"म्हणून तर तुलनेचा वर्ग दिलाय की."

"तिथेच घोडं अडलंय. उपक्रम न मिळालेली तुमची ही आठ मुलं उपक्रमातल्या मुलांपेक्षा कितीतरी सरस वाचतात. हे खरं असेल, तर मला एकच शिफारस लिहिता येते. बंद करा."

मास्तरांच्या हातातला काटा बशीवर वाजला.

खालच्या वाडीत वर्ग नव्हता. वाडीत पोरंच उरली नव्हती. अहवालात दुसरा वर्ग हवाच, म्हणून मास्तरांनी खणातली चाळीस वर्षांपूर्वीची वही काढली होती. दर शुक्रवारी घड्याळ लावून, कोण मिनिटाला किती शब्द वाचतो ते त्यांनी त्यात टिपलेलं. नावं उतरवली, आकडे उतरवले. मग प्रत्येक आकडा निम्मा केला की काम फत्ते. दोनदा खोडरबर उचलला, दोनदा ठेवला. आपल्या पोरांचे शब्द कापायला हात धजेना.

आता वर्ग खरा म्हटला तर शाळा जात होती. खोटा म्हटला तर मास्तर.

"लिहिण्याआधी मला त्यातलं एक तरी मूल बघू द्या," बाईंनी पान उलटलं. "दारातूनच पाहीन. हा बघा, यावोर त्सोन्कोव. वय नऊ. मिनिटाला चौऱ्याण्णव शब्द, सगळ्यांत पुढे. बस वाडीवरूनच जाते ना?"

ड्रायव्हरने कप खाली ठेवला.

"यावोर?" मास्तर त्याच्याकडे न बघता घाईघाईने म्हणाले. "अहो, त्याला तर सगळ्यांत जास्त! डोळ्यांचे बटाटे झालेत नुसते. आईने अंधाऱ्या खोलीत निजवलंय, आणि तुम्हाला पटणार नाही, बाई, पोरगं तिथंसुद्धा पुस्तक सोडत नाही. पानावर बोट फिरवून—"

"मास्तर," ड्रायव्हर उठून उभा राहिला. पन्नाशीला टेकलेला गडी, मिशा पिकलेल्या. "मला गोवर कधी झाला?"

बाईंनी अहवालाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मास्तर टेबलावरचा बनित्साचा चुरा बोटाने गोळा करत राहिले.

यावोर टेबलापाशी आला. टोपी काढून त्याने काखेत मारली, आणि आपल्या नावावर बोट ठेवून ती ओळ हळूहळू, ओठ हलवत वाचली. मग पुन्हा वाचली.

"चौऱ्याण्णव," तो म्हणाला. "सगळ्यांत पुढे."

मास्तरांचं बोट थांबलं.

"आणि त्याच वर्षी माझ्या बापाला तुम्ही सांगितलंत, याच्या डोक्यात काही शिरत नाही, याला मेंढरांमागे धाडा."