एकविसाव्या मिनिटानंतर

लिनेटने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विद्यापीठातल्या आपल्या खोलीचं दार उघडलं. दारात ड्रूसीमावशी उभी होती. कोट पावसाने भिजलेला, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा.

"खाली तिघांना विचारत आले," ती म्हणाली. "मानवशास्त्र कुठे म्हटलं तर एकाने मला कँटीनमध्ये पाठवलं. तुमचं शास्त्र कुणाला ठाऊक नाही वाटतं इथे."

लिनेटने तिला धरून खुर्चीत बसवलं. डोळे तपासायला मावशी आदल्या दिवशी बोटीने आणि मग बसने सेंट जॉन्स शहरात आली होती. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे संध्याकाळपर्यंत तिला सगळं धूसर दिसणार होतं.

दोन वर्षांपूर्वी लिनेट प्रबंधासाठी गॅनेट बेटावर आठ महिने राहिली होती, ती याच मावशीच्या घरी. बेटावर उरलेल्या माणसांनी मतदान करायचं होतं: सरकारकडून भरपाई घेऊन सगळ्यांनी गाव सोडायचं, की राहायचं. दर दहातल्या नऊ जणांनी 'जायचं' म्हटलं तरच गाव उठणार होतं. एक मत कमी पडलं आणि गाव राहिलं. मतदान गुप्त होतं, पण गावाने ते मत ब्लँचच्या माथी मारलं, कारण तिने त्याच वसंतात घराला नवा रंग दिला होता. चाळीस वर्षांचा शेजार, पण सगळ्यांत आधी तिच्याशी बोलणं सोडलं ते ड्रूसीमावशीने. मावशीला गँडर शहरात मुलीजवळ जायचं होतं. डोळे जात चालले होते.

ते मत ब्लँचचं नव्हतं. हेवर्डकाकांचं होतं. मावशीच्या नवऱ्याचं.

हे जगात फक्त लिनेटला माहीत होतं. काकांनी तिला मुलाखतीत सांगितलं होतं, आणि संमतीपत्रावर सही करताना म्हणाले होते, "मी गेल्यावरही कुणाला सांगायचं नाही हं पोरी. ड्रूसीला तर नाहीच." फेब्रुवारीत काका गेले. लिनेटच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं की वचन माणसाबरोबर मरत नाही. 'अमुक माणूस नव्हता' एवढं सांगणंसुद्धा सांगणंच असतं. ती मुलाखत वगळून लिहिलेलं प्रकरण तीन महिने पुढे सरकत नव्हतं.

"जूनमध्ये पुन्हा मतदान आहे," मावशी म्हणाली.

"ऐकलं मी."

"तू सगळ्यांशी बोलली होतीस. ब्लँचशीही."

"हो."

"मग मला एवढंच सांग. तीच होती ना?"

लिनेटने पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"मावशी, कोणाचंही मला सांगता येत नाही. तुझ्याबद्दल कुणी विचारलं तरी मी हेच सांगेन."

"असं." मावशीने मान हलवली. "हेवर्डला पुरलं त्या दिवशी ती काकवीचा पाव घेऊन आली होती. गरम होता. मी दारातूनच परत केला. सगळ्या गावासमोर." ती थोडा वेळ कोटाचं बटण चाचपत राहिली. "तुझा चेहरा दिसत नाहीये मला. बरंच आहे, नाहीतर वाचला असता."

बाहेर वर्ग सुटला. मुलं बोलत, हसत गेली. पुन्हा शांत झालं.

"जाऊ दे. मी त्याच्यासाठी नव्हते आले. हेवर्डचा आवाज आहे ना तुझ्याकडे? घरी फोनमध्ये होता तो मुलीने चुकून पुसला. थोडा ऐकव. तेवढा तरी चालतो का तुमच्या नियमात?"

लिनेटचा हात की-बोर्डवर थांबला. काय चालतं, हे विचारायला वेळ नव्हता. मुलाखतीचा पहिला भाग स्वयंपाकघरात झाला होता, मावशी तिथेच वावरत होती. जे तिने तेव्हा ऐकलं होतं ते आज ऐकलं तर कुणाचं काय गेलं? मतदानाबद्दलचं ते वाक्य कुठे येतं, हे तिला नीट माहीत होतं. तिने दार लावलं आणि आवाज स्पीकरवर घेतला.

काका खोकले, मग बोलू लागले. समुद्रात माकूळ कसे पकडायचे, बापाने पहिल्यांदा होडीत नेलं तेव्हा कशी उलटी झाली. मावशी हात मांडीवर ठेवून बसली होती. मध्येच तिचाच आवाज आला: "हेवर्ड, बूट बाहेर. कितीदा सांगायचं." ती हसली, मग चष्म्याखालून बोट फिरवलं.

एकवीस मिनिटं झाली. स्पीकरमधली ड्रूसी म्हणाली, "मी दुकानात जाऊन येते. चहा आहे किटलीत." दार लागल्याचा आवाज आला. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

लिनेटने बंद केलं.

"संपलं?"

'हो' म्हणणं सोपं होतं. मावशीला पडद्यावरचे आकडे दिसत नव्हते.

"नाही," लिनेट म्हणाली. "पण पुढचं मला ऐकवता येत नाही."

खिडकीच्या काचेवरून पाणी उतरत होतं, आणि मावशी तिकडे तोंड करून बसली होती, जणू ते तिला दिसत होतं.

"मतदानाच्या दिवशी," ती म्हणाली, "घरी आला आणि आपणहून भांडी घासली. सगळी. पातेल्याच्या बुडासकट. पंचेचाळीस वर्षांत कधी घासली नव्हती. मला वाटलं, गाव उठणार म्हणून मन लागत नसेल त्याचं."

"मावशी, मी काहीही—"

"तू काही बोलली नाहीस. कुणी विचारलं तर मीही सांगेन, पोरगी तोंडातून शब्द काढत नाही." ती उठायला लागली, मग परत बसली. "तुझा फोन दे. नाही, तूच लाव. मला आकडे दिसायचे नाहीत."

तिने नंबर न अडखळता सांगितला. लिनेटने लावून फोन तिच्या हातात दिला. बरीच रिंग वाजली.

"ब्लँच, मी ड्रूसी." मावशीने घसा साफ केला. "मी शहरात आहे. निघताना चुलीतला विस्तव झाकला की नाही, आठवत नाही. आमच्या घराची किल्ली अजून आहे का तुझ्याकडे?"

खोली इतकी शांत होती की पलीकडचं लिनेटलाही ऐकू आलं.

"असेल की. जाईल कुठे."