वाळूच्या दांड्यावरचे कुंकू

मित्रांनो, मी समुद्राचा एक जुना नकाशा आहे. ज्या घरात मी राहतो, तिथून समुद्र दिसत नाही. खिडकीतून केळीची पाने दिसतात आणि त्यांच्या पलीकडे संथ तापी. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गुजर कुटुंबात मी पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि माझ्यावर इतके प्रेम झाले की त्या प्रेमाखाली मी पुसला गेलो.

माझा जन्म एका गलबतावर झाला. इंग्रजांच्या आरमाराला तापीच्या मुखाची खोली हवी होती. एक खलाशी दोरीला बांधलेले शिसे पाण्यात सोडी. शिशाच्या बुडाला चरबी लावलेली असे, तिला तळाची वाळू किंवा चिखल चिकटून येई. मग तो मोठ्याने पुकारी, "तीन वाव, वाळू!" दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी होते, तेवढा एक वाव. तो पुकारा ऐकून गोरा अधिकारी माझ्यावर बारीक अंक लिही. किनाऱ्यावरच्या तोफा कुठवर पोहोचतात, तेही त्याने कमानीसारख्या रेघेने दाखवले. नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे पाण्याखाली वाळूचा एक दांडा होता. त्याभोवती त्याने ठिपक्यांचे अंडाकृती कडे काढले आणि आत इंग्रजीत लिहिले : जहाज इथे आणू नये. माझ्या अंगावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते.

पुढे दांडे सरकले, नवे नकाशे आले आणि मी रद्दीत गेलो. कापसाच्या गाड्या घेऊन सुरतेला गेलेल्या चुनीलाल नावाच्या शेतकऱ्याने पितळी समई विकत घेतली, तेव्हा दुकानदाराने ती माझ्यात गुंडाळून दिली. घरी आल्यावर चुनीलालने मला उलगडले. नदीचे वळण त्याने ओळखले. आपले पूर्वज गुजरातेतून तापीच्या काठाकाठाने वर आले, एवढेच त्याला ठाऊक होते. गावाचे नाव कुणाच्याच लक्षात राहिले नव्हते. इंग्रजी अक्षरे त्याला वाचता येत नव्हती; नदीच्या टोकाच्या ठिपक्यांच्या त्या कड्यात त्याला घरांची दाटी दिसली. "हाईच आपलं मूळगाव," तो म्हणाला आणि त्यावर त्याने कुंकवाचे बोट टेकवले.

तेव्हापासून दर दिवाळीला मला देवाजवळ ठेवू लागले. घरात येणारी प्रत्येक नवी सून मूळगावाला कुंकू लावी. पुढे घरात शिकलेली माणसे झाली, पण देवाजवळची वस्तू कोण वाचतो? धोक्याच्या जागेवर तांबडा थर चढत गेला. मला अभिमान वाटावा की भीती, ते कळेनासे झाले.

काही वर्षांपूर्वी चुनीलालच्या वंशातल्या योगेंद्रची बायको म्हणून रोशनी या घरात आली. बोट कुंकवात बुडवून ती माझ्यावर वाकली आणि तशीच थांबली. थराच्या कडेने काही अक्षरे अजून दिसत होती.

"मोठी माय, आठे गाव नही. आठे त पानी शे," ती आजेसासूला, प्रमिलाबाईंना, हळूच म्हणाली; इथे गाव नाही, इथे तर पाणी आहे, असे.

तिचे सासरे हेमकांत हसले. "नवी वहू उनी नि पहिल्याच दिवशी आमनं गाव बुडावाले निंघनी."

सगळे हसले. रोशनीही हसली आणि तिने कुंकू लावले. त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

प्रमिलाबाईंच्या डोळ्यांत पडदा वाढत होता. दृष्टी जाण्याआधी मूळगाव पाहावे आणि तिथली माती आणून तुळशीत घालावी, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. गेल्या हिवाळ्यात हेमकांतनी जीप काढली. मागे रोशनी, प्रमिलाबाईंच्या मांडीवर तांब्याचा लोटा आणि लोट्याशेजारी मी, असे आम्ही नदीच्या मुखाशी पोहोचलो. इतक्या वर्षांनी खाऱ्या वाऱ्याने मला ओळखले. मला आनंद व्हायला हवा होता.

समोर फक्त पाणी होते. हेमकांत मला आडवेउभे धरून पाहत राहिले. प्रमिलाबाईंनी मात्र हाक मारली, "रोशनी, तू तव्हय काय वाचेल व्हतं, ते आते सांग."

रोशनीने मान खाली घातली. "आठे जहाज आनू नका, असं लिखेल शे, मोठी माय."

"मंग आपन कोठेन उनूत?"

आपण आलो तरी कुठून, असे त्या विचारत होत्या. प्रमिलाबाईंनी पदराचे टोक समुद्रात बुडवले आणि माझ्यावरचे कुंकू पुसायला घेतले. खाली काय आहे, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. कुंकवाबरोबर शाई निघाली, शाईबरोबर कागद निघाला. मला मजबुतीसाठी मागून चिकटवलेले कापडही विरलेले होते, तेही फाटले. लोटा रिकामाच परत आला.

या दिवाळीला मला कुंकू लागले नाही. प्रमिलाबाईंना आता दिसत नाही. त्यांनी मला ओट्यावर पसरायला लावले आणि रोशनीला म्हणाल्या, "वाच. सगळं वाच."

रोशनी माझ्यावरून बोट फिरवत वाचू लागली, "पाच वाव, चिखल. चार वाव, वाळू. तीन वाव, वाळू..." त्या खलाशाचा पुकारा मी तापीकाठी, केळीच्या बागेशेजारी पुन्हा ऐकला. मग तिचे बोट नदीच्या टोकाशी आले आणि थांबले.

"पुढं?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"पुढं भोक शे, मोठी माय."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू देवाजवळ ठेवलेली असेल. तिला अवश्य हात जोडा. पण त्याआधी, अक्षरे शाबूत आहेत तोवर, तिच्यावर काय लिहिले आहे ते एकदा वाचा. आणि घरातले कुणी वाचत असेल, तर हसू नका.