खाली येताना

गुडघ्यांनी कापड दाबत ती पुढे सरकली, तशी निळ्या पॅराशूटमधली हवा फुस्स करून कडेनं बाहेर पडली. दोऱ्या मधोमध आहेत ना, हे तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. मग एक घडी, त्यावर दुसरी, असं करत खोलीभर पसरलेलं ते कापड तिनं उशीएवढ्या पिशवीत बसवलं. तपासायला उभ्या असलेल्या सरांनी मान डोलावली आणि म्हणाले,

"घडीताई, हातात जादू आहे हो तुमच्या."

"जादू कसली? रोजच्या पाचशे चादरी आहेत."

हॉस्पिटलच्या लाँड्रीत तिला एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली अकरा वर्षं घरी आईचं दुखणं काढण्यात गेली. आई गेली आणि संध्याकाळी अंगावर यायला लागल्या. सुट्टीच्या दिवसाचं तर काय करायचं तेच कळेना. अशाच एका रविवारी ती बसमध्ये शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिली. उतरली तर समोर हे मैदान. आकाशातून एकेक माणूस उतरत होता आणि पाय टेकलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी धावत येऊन मिठी मारत होतं. ती कुंपणाशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

फी ऐकून ती त्याच पावली परत फिरणार होती. पण तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यात पॅराशूटशी झटापट करणाऱ्या दोन पोरांकडे गेली आणि तिच्यानं राहवलं नाही. सरांनी तिची घडी पाहिली आणि तिथल्या तिथे सौदा केला. दर रविवारी घड्या घालायच्या, त्या बदल्यात प्रशिक्षण फुकट.

"विमानाचे पैसे मात्र भरावे लागतील," सर म्हणाले. "आणि एकदा विमान उडालं की परत मिळत नाहीत. उडी मारा नाही तर मारू नका."

त्या पैशांसाठी तिनं कामावर चालत जायला सुरुवात केली. दूध बंद केलं. चष्म्याची काच पुढच्या वर्षावर ढकलली. परगावी असलेल्या भावाला यातलं काही माहीत नव्हतं.

"ताई, रविवारी फोन का उचलत नाहीस?"

"ओव्हरटाइम असतो रे."

"या वयात एवढी मर मर करू नकोस."

"बरं," ती म्हणाली. सांगून टाकावं असं एकदा ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात पलीकडून भावजयीनं हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

टेबलावरून उडी मारायची, पाय जुळवून पडायचं, अंग कुशीवर सोडून द्यायचं. बरोबरच्या तीन कॉलेजच्या पोरांपेक्षा तिला हे लवकर जमलं. पोरं तिला ताई-ताई करत, तिच्याकडून पट्टे आवळून घेत आणि सरावानंतर एकाच मोटारसायकलवर लटकून निघून जात.

पहिल्या उडीच्या दिवशी चौघं सरांबरोबर विमानात बसली. सीट म्हणून एकच, वैमानिकाची. बाकी सगळी खाली जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन. शिकाऊ माणसाच्या पॅराशूटची दोरी विमानाला अडकवलेली असते, उडी मारली की ते आपोआप उघडतं. आपण फक्त दारातून बाहेर जायचं. तिन्ही पोरं गेली. तिनं दारात पाय सोडले आणि खाली पाहिलं.

"जा!" सर ओरडले.

हात दाराच्या चौकटीवरून सुटेनात. सरांनी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. कुणालाही ढकलायचं नाही, असा तिथला नियम होता. त्यांनी तिची दोरी सोडवली, तिला आत ओढून पट्ट्यानं बांधलं, खांद्यावर थोपटलं आणि पोरांच्या मागोमाग स्वतः उडी टाकली.

विमानात ती आणि वैमानिक दोघंच उरली.

त्याला सगळे कप्तान म्हणत. साठीला टेकलेला, घुम्या माणूस. मैदानावर त्याला कुणाशी बोलताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं हात मागे करून दार ओढून घेतलं. वाऱ्याचा आवाज एकदम कमी झाला.

"रडताय का?" त्यानं मान न वळवता मोठ्यानं विचारलं.

"नाही."

"मग ठीक. बाकीचे रडतात."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुम्ही किती वेळा मारलीत उडी?"

"मी? छे! घरातला बल्ब बदलायचा तर मी शेजाऱ्याला बोलावतो. स्टुलावर चढलो की पाय लटपटतात माझे."

ती हसली. आपलं हसणं तिला स्वतःलाच ओळखीचं वाटेना.

"बावीस वर्षं भरलेलं विमान वर नेतोय," तो म्हणाला, "आणि रिकामं खाली आणतोय. वर जाताना कलकलाट नुसता. मग एकेक जण उठून जातो. कुणी मागे वळून बघत नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, तेव्हा मागे कोण बघतं?"

"माझी आई बघायची," ती म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक. "मी कामावर निघाले की खिडकीशी यायची. चालता येईनासं झालं, तरी मान वळवून ठेवायची."

मग ती बोलतच राहिली. आईच्या औषधांच्या वेळा, शेवटची ती सकाळ, घरी परत आणलेली चाकांची खुर्ची अजून दाराआड तशीच आहे, ते. ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे रडायला सवडच मिळत नव्हती. कप्ताननं एकदाही "अरेरे" म्हटलं नाही. फक्त विमान सरळ खाली न नेता त्यानं एक मोठा वळसा घेतला.

जमिनीवर पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. सर म्हणाले, "होतं असं. पुन्हा पैसे जमवा, पुन्हा या."

पुढच्या रविवारी ती दोन कप चहा घेऊन विमानापाशी गेली. कप्तान कागद भरत होता.

"ठेवा तिथे," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "आज वारा आहे."

"हो, आहे."

त्यानं पुन्हा कागदात मान घातली, तिनं कपातली साय बोटानं बाजूला केली. ती स्वतःचा कप घेऊन घड्यांकडे परतली. त्यानंतरच्या रविवारीही असंच झालं. मग तिनं चहा नेणं सोडलं.

पुन्हा पैसे जमायला पाच महिने लागले. या वेळी बरोबर नवी तिघं होती. दाराशी तिची पाळी आली तेव्हा तिनं खाली पाहिलं आणि तिला नवल वाटलं. भीती नव्हती. शेतांचे तुकडे, कालवा, धाग्याएवढा रस्ता, सगळं शांतपणे दिसत होतं. आधी गेलेल्यांची तिन्ही पॅराशूटं उघडली होती. तिन्ही तिच्याच हातची. हात चौकटीवर हलके टेकलेले होते, नुसतं पुढे झुकायचं बाकी होतं.

"जा!" सर म्हणाले.

तिनं मागे वळून पाहिलं. कप्तानची पाठ, मानेवरचे पांढरे केस. तो समोर बघत होता.

"नाही सर," ती म्हणाली. "नाही जमत."

"अहो, आता तर पाय बाहेर होता तुमचा!"

"भीती वाटते."

सरांनी कपाळाला हात लावला. तिची दोरी सोडवली, पट्टा बांधला आणि ते गेले. कप्ताननं हात मागे करून दार ओढून घेतलं.

"भीती वाटली?" त्यानं विचारलं.

"हो."

या वेळी त्यानं मान वळवली. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मांडीवर स्वस्थ पडलेल्या तिच्या हातांकडे पाहिलं. विमान एका अंगाला हळूहळू कलत गेलं आणि मग पुन्हा सरळ झालं. त्यानं शेजारी ठेवलेली कागदांची फाईल उचलून पाठीमागे सरकवली.

"पुढे या," तो म्हणाला. "तिथून नीट ऐकू येत नाही."