ताई म्हणायचं नाही

शाळा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी आईने तिन्ही मुलींना पार्लरमध्ये बोलावलं. पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन फिरत्या खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात मेण तापवायचं भांडं. त्या मेणाचा गोडसर वास मुलींच्या गणवेशालाही लागायचा. खुर्चीत एक बाई मान मागे टाकून, डोळे मिटून बसली होती आणि आई दातांत धागा धरून तिच्या भुवया कोरत होती. दातांत धागा असला तरी आईचं बोलणं थांबत नसे. उलट तेव्हाच ती जास्त रंगात येते, असं गिऱ्हाइकं म्हणत.

"उद्यापासून हिला ताई म्हणायचं नाही," ती मधलीला आणि धाकटीला म्हणाली.

हिला म्हणजे थोरलीला. थोरली नववीत नापास झाली होती आणि मधली आठवी पास होऊन नववीत आली होती. आता दोघी एकाच वर्गात बसणार होत्या.

"मग काय म्हणायचं?" धाकटीने विचारलं. ती यंदा पहिलीत जाणार होती आणि तिला सगळं नीट समजून घ्यायचं असायचं.

"अगं, ताई पुढच्या इयत्तेत असते. ही तर पार्सल आहे. आपण पाठवलं दहावीच्या पत्त्यावर, ते आलं फिरून घरी."

खुर्चीतली बाई इतकी हसली की आईला हात आवरता घ्यावा लागला. थोरलीही हसली. आपणही हसलं की लवकर सुटका होते, एवढं तिला अनुभवाने कळलं होतं.

आईच्या तोंडासाठी बायका लांबून यायच्या. भुवया वाढलेल्या नसल्या तरी यायच्या. मेण ओढताना कातडीची आग व्हायची, पण आईच्या एका वाक्यासरशी ती बाई आग विसरून खिदळायची. गिऱ्हाइकांवर आई कधी बोलत नसे. विनोदाला कोणीतरी लागतंच, आणि घरचं माणूस फुकट मिळतं. आधी कामाला एक मुलगी होती, तिच्यावर निभायचं. मागच्या वर्षी ती एका दुपारी रडत रडत निघून गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून टॉवेल धुणं, केस झाडणं, मेण तापवणं थोरलीकडे आलं, आणि विनोदही तिच्याकडेच आले. पार्लर बंद झालं की ती पुस्तक उघडायची आणि त्यावरच झोपून जायची. या कामाचा आणि नापास होण्याचा काही संबंध असेल, असं घरात कुणाच्या मनात आलं नाही. थोरलीच्याही नाही. तिला वाटे, आपलं डोकंच जड.

बाबांनी मात्र एकदा विषय काढला. ते बेकरीत भट्टीवर कामाला होते. उजाडायच्या आत जायचे आणि दुपारी पिठाने पांढरे होऊन यायचे. "दुसऱ्या शाळेत घालू या का हिला?" ते म्हणाले. "धाकट्या बहिणीच्या शेजारी बसायचं म्हणजे... पोरीला कसंतरीच वाटेल."

"वाटू दे की! अहो, तुमचा पाव काय मांडीवर घेऊन थोपटल्याने फुगतो? भट्टीत घालता तेव्हाच फुगतो ना?"

बाबांना हसू आलं. ते आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, पण आलंच. एकदा हसल्यावर पुढे काय बोलणार? ते कपडे बदलून झोपायला गेले.

पुस्तकांचा संच एकच होता, थोरलीचा गेल्या वर्षीचा. आईने त्याला नवी कव्हरं घातली आणि त्यांवर मधलीचं नाव लिहिलं. पुस्तक एक म्हणून बाकही एकच. पहिल्या तासाला वर्गशिक्षिकेने दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही जुळ्या का गं?"

"नाही बाई," मधली घाईघाईने म्हणाली. "ही... ही आमच्या घरी असते."

वर्गाला आधी काही कळलं नाही. मधल्या सुट्टीत मधलीने ते कळवलं, पार्सलच्या गोष्टीसकट. आठवडा संपायच्या आत वर्गातलं प्रत्येक पोर थोरलीला पार्सल म्हणू लागलं. कोणी तिच्या पाठीवर तिकीट चिकटवल्यासारखी थाप मारायचं, कोणी विचारायचं, "आज कुठून परत आलीस?"

मधली मुळात वाईट नव्हती. सुरुवातीचे काही दिवस तिच्या तोंडात सवयीने 'ता' यायचं आणि अर्ध्यावर अडायचं. पण ज्या मुलीला सगळे हसतात तिच्या शेजारी बसलं की आपल्याला कुणी हसत नाही, हे तिच्या लक्षात आलं. गेल्या वर्षापर्यंत तिच्या जाड चष्म्यावरून मुली चिडवायच्या. यंदा तो चष्मा कुणाला दिसेनासाच झाला.

धाकटीला सांभाळून नेणं-आणणं थोरलीकडेच होतं. शाळेच्या फाटकाशी आलं की धाकटी तिला खाली वाकायला लावायची आणि कानात हळूच म्हणायची, "ताई." एवढं म्हणून आत पळायची. थोरलीचा अख्खा दिवस त्यावर निघायचा.

एकदा पार्लर भरलेलं असताना धाकटी दारातून ओरडली, "ताई, माझी पेन्सिल कुठाय?"

आईने धागा खाली ठेवला. "ताई? कोण आलीय ताई?" तिने खुर्चीखाली वाकून पाहिलं. कपाट उघडून टॉवेल बाजूला करून पाहिलं. मग एकेका बाईपुढे जाऊन चेहरा अगदी गंभीर करून विचारू लागली, "तुम्ही पाहिलीत का हो आमची ताई? नववीतून दहावीत निघाली होती, वाटेत हरवली." बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. एकीने तर पर्स उघडून दाखवली, "माझ्याकडे नाही हं!" धाकटी आधी सगळ्यांकडे टकामका बघत राहिली, मग तिने भोकाड पसरलं. केरसुणी हातात घेऊन थोरली तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी ती सवयीने वाकली. धाकटी तिच्याकडे न बघता आत गेली.

एक गोष्ट मात्र त्या दिवसांत चांगली घडत होती आणि थोरलीने ती कुणाला सांगितली नव्हती. तिला गणित समजू लागलं होतं. दुसऱ्यांदा ऐकताना तेच समीकरण तिच्यासमोर अलगद उलगडायचं. आधी वाटायचं चुकून जमलं, मग पुढचंही जमायचं. टॉवेल पिळताना ती मनातल्या मनात गणितं सोडवायची आणि उत्तर आलं की टॉवेल जोरात झटकायची.

पहिल्या चाचणीला गणिताचा पेपर अवघड निघाला. थोरली मान खाली घालून लिहीत होती. शेजारी मधलीचं पेन केव्हाचं थांबलं होतं.

"हात सरकव," मधली कुजबुजली.

थोरलीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"सरकव ना. प्लीज." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "ताई."

थोरलीने हात सरकवला.

एका गणितात थोरलीने घाईत अधिकाच्या जागी उणे लिहिलं होतं. मधलीनेही लिहिलं. बाईंनी पेपर तपासताना दोन्ही उणे शेजारी शेजारी ठेवले आणि आईला बोलावणं धाडलं.

त्या संध्याकाळी आईने पार्लर लवकर बंद केलं. दोघींना स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं. "खरं सांगा. कोणी कोणाचं पाहिलं?"

थोरली म्हणाली, "तिने माझं."

आईने मधलीकडे पाहिलं. मधली टेबलावरच्या पावाचे तुकडे बोटाने गोळा करत राहिली. आईला तेवढं पुरलं. तिला पटलं हे थोरलीला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि क्षणभर थोरलीला हायसं वाटलं.

"हं," आई म्हणाली. "मग उद्या मोठ्या बाईंना सांगायचं, मी पाहिलं म्हणून."

"मी? पण आई, मी तर..."

"ऐक माझं." आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. आवाज इतका मऊ की थोरलीला तो ओळखूच येईना. "तू तशीही पडलेली आहेस, बाळा. तुला आणखी काय व्हायचंय? हिच्या नावाला डाग लागला तर माझ्या दोघी गेल्या. एक तरी राहू दे मला."

त्यात विनोद नव्हता. थोरली विनोदाची वाट पाहत होती, त्यावर काय करायचं हे तिला ठाऊक होतं. पण केसांवर फिरणाऱ्या हातावर काय करायचं, हे ती विसरून गेली होती. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेच्या खोलीत ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "मी बहिणीचं पाहून लिहिलं."

मोठ्या बाई दोन्ही पेपर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्या काही भोळ्या नव्हत्या. "कच्चं काम तर तुझ्या पेपरात आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या पेपरात नुसती उत्तरं आहेत. तू खरं बोलतेयस ना? कुणाला घाबरून नाही ना सांगत?"

थोरली तोंड उघडणार तेवढ्यात आई पुढे झुकली.

"बाई, खोटं बोलायलाही डोकं लागतं हो. तेवढं असतं हिला, तर गेल्या वर्षीच नसती का पास झाली?"

कोपऱ्यात टाइप करणारा कारकून फिस्सकन हसला. मोठ्या बाईंनी ओठ दाबले, पण ओठांच्या कडा हलल्याच. हसल्यावर त्यांना पुन्हा तो प्रश्न विचारता येईना. थोरलीने हे बाबांच्या बाबतीत पाहिलं होतं.

"गणितात शून्य द्यावं लागेल," त्या म्हणाल्या, "आणि तुकडी बदलू."

"कशाला उगीच तुम्हाला ताप? मी तिला काढूनच घेते," आई म्हणाली.

"विचार करा थोडा. एवढ्यावरून शाळा सोडवायची..." बाईंनी थोरलीकडे पाहिलं. थोरली त्यांच्याकडेच पाहत होती. पण दाराबाहेर पालकांची रांग लागली होती, कोणीतरी आत डोकावलं, आणि बाईंनी घड्याळाकडे पाहून पेपर बाजूला सारले.

घरी येताना आई झपाझप चालत होती. "चला," ती म्हणाली, "टॉवेल तरी आता वेळेवर वाळतील."

दुपारी बाबा आले तेव्हा थोरली पार्लर झाडत होती. "आज सुट्टी का गं?"

"नाही, बाबा."

ते पिशवी खुंटीला अडकवायला वळले. मग "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त तिच्यासाठी क्रीमचा बन आणला आणि कुणी बघत नाही असं पाहून दिला. मागच्या मोरीशी उभं राहून तिने तो खाल्ला.

मधली बरेच दिवस तिच्या वाटेला गेली नाही. मग एकदा वाळत घातलेल्या टॉवेलांमागे उभी राहून म्हणाली, "मी नव्हतं सांगितलं तुला कबूल हो म्हणून." थोरलीने पुढचा टॉवेल झटकला. त्याचे शिंतोडे मधलीच्या चष्म्यावर उडाले आणि ती पुसत पुसत निघून गेली.

वर्षभरात थोरली भुवया कोरायला शिकली. तिचा हात हलका होता, कातडी लाल होत नसे. पण दुसरी खुर्ची रिकामीच राहायची. बायका आईच्या खुर्चीसाठी ताटकळत बसायच्या. "हात आहे पोरीला, पण तोंड नाही," आई त्यांना सांगायची. "मुक्याचं दुकान चालतं का कुठे?"

पुन्हा शाळा सुरू झाली. मधली नवं दप्तर घेऊन दहावीत गेली, धाकटी दुसरीत. पहिल्याच दिवशी दुपारी पार्लर गच्च भरलं होतं. आईची खुर्ची अडलेली होती म्हणून एक घाईतली बाई नाइलाजाने थोरलीकडे बसली होती. तेवढ्यात धाकटी आली. तिचे पुढचे दोन दात पडले होते, बोलताना शिट्टी वाजायची.

"आई, नव्या बाईंनी विचारलं, घरी कोण कोण आहे."

"मग? काय सांगितलंस?"

"आई, बाबा आणि एक बहीण."

आई हसायच्या बेतात होती. पण त्याआधी दुसऱ्या खुर्चीकडून आवाज आला. थोरलीच्या दातांत धागा होता आणि नजर गिऱ्हाइकाच्या भुवईवरून हललेली नव्हती.

"दोन दात पडले, एक बहीण पडली. उद्या शाळेतून येताना नाक तरी सांभाळून आण गं. आमच्याकडे पुसायला तेवढंच उरलंय."

क्षणभर कुणाला कळलंच नाही की हे कोण बोललं. मग खोली हसण्याने दणाणली. खुर्चीतली बाई पोट धरून हसू लागली. आणि आई हसली. आरशात थोरलीला ती दिसली, मान मागे टाकून, डोळे मिटून, गिऱ्हाइकं हसतात तशी. आपल्या बोलण्यावर आईला हसताना थोरली पहिल्यांदाच पाहत होती. तिच्या अंगात ऊब पसरली, पार कानापर्यंत.

धाकटीने तोंडावर हात धरला होता. तो तिने काढला नाही. ती उंबऱ्यावर जाऊन बसली आणि दुसऱ्या हाताने बूट सोडू लागली. नाडीला घट्ट गाठ बसली होती, एका हाताने ती काही सुटेना.

"पोरीला तोंड फुटलं हो!" आई डोळे पुसत म्हणाली. घाईतली बाई भुवया होताच उठली, तशी आईने आपल्या पायाने दुसरी खुर्ची गर्रकन फिरवून बाकावरच्या बायकांसमोर केली. तिकडची एक बाई आईकडचा नंबर सोडून उठलीसुद्धा.

थोरलीने खुर्ची झटकली, नवा धागा तोडला आणि दातांत धरला. धाकटीकडे तिने पाहिलं नाही.

"या," ती म्हणाली. "बसा."