पित्ताच्या गोळ्या

भामाबाईंना हृदयविकार आहे, हे पुंडलिकनगरातल्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा अभय, सून करुणा, सोयगावचे नातेवाईक, झालंच तर वरच्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा! ठाऊक नव्हतं ते फक्त भामाबाईंना.

मंडळी, आपल्याकडं हे काही नवं नाही. दुखणं आईचं असतं आणि डॉक्टर बोलतात मुलाशी, तेही दाराबाहेर. पावसाळ्यात भामाबाईंच्या छातीत कळ आली, मनगटातून नळी घालून स्टेंट बसवला, तेव्हा अभयनं डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, "आईला काही सांगू नका. हाय खाईल ती." आणि आईला म्हणाला, "पित्त लई वाढलं होतं, माय. नळी घालून तपासलं. ह्या पित्ताच्या गोळ्या, रोज घ्यायच्या."

हाच अभय क्रांती चौकातल्या विमा कार्यालयात ग्राहकाला प्रत्येक अट समजावल्याशिवाय सही घेत नसे. घरी मात्र आपल्याला जास्त कळतं, अशी त्याची खात्री होती. करुणा एकदा म्हणाली, "अहो, शरीर त्यांचं आहे. त्यांना सांगायला नको?"

"माय माझी आहे," तो खेकसला. विषय संपला.

थंडी पडेपर्यंत भामाबाईंच्या छातीत पुन्हा कळ आली नव्हती. पित्त गेलं तर गोळ्या कशाला? त्यांनी त्या बंद केल्या. पण औषध वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेजारच्या द्वारकाबाईंना पित्ताचा त्रास होता, त्यांना त्या गोळ्या देऊ लागल्या. पाकिटं रिकामी होत होती, म्हणून अभय निर्धास्त!

एका सकाळी भामाबाईंच्या छातीवर दाब आला, दरदरून घाम फुटला. पित्त उसळलं असं समजून त्या गार दूध पिऊन आडव्या झाल्या. करुणा भाजी घेऊन परतली, तिनं सासूचा चेहरा पाहिला आणि त्यांना घेऊन तडक दवाखाना गाठला. म्हणून वाचल्या.

बरं वाटू लागल्यावर भामाबाई गोळ्या बंद केल्याचं बोलून गेल्या, तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "मावशी, रक्त पातळ ठेवायची गोळी का सोडलीत?"

"रक्ताची कुठली, बाई? पित्ताची व्हती. पित्त गेलं, म्हून सोडली."

डॉक्टरबाईंनी अभयकडं पाहिलं. त्याची मान खाली गेली. तेवढ्यात भेटायला आलेल्या द्वारकाबाई म्हणाल्या, "भामा, तुझ्या गोळ्या घेते तवापासून माझ्या हिरड्यांतून रक्त येतंय गं."

अरेरे! खोटं एक, आणि जिवावर बेतलं दोन बायांच्या. डॉक्टरबाईंनी द्वारकाबाईंना त्या गोळ्या तिथंच बंद करायला सांगून तपासणीला पाठवलं. अभयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो पलंगाशी बसला आणि अडखळत सगळं बोलून गेला.

भामाबाई म्हणाल्या, "तुझा बाप गेला तवा तू कडेवर व्हतास. तवा नाय मी हाय खाल्ली. अन् आता खरं ऐकून मेले असते व्हय? तुला माझी काळजी नव्हती, बाबा. मला सांगायचं धाडस तुला नव्हतं."

"चुकलो, माय."

"ते राहू दे. आता सांग, पुन्हा असं झालं तर मी काय करू?"

अभयनं तोंड उघडलं आणि त्याच्या ध्यानात आलं, हे त्यालाही माहीत नव्हतं! इतक्या महिन्यांत त्यानं डॉक्टरांना गप्प बसवलं होतं, विचारलं काहीच नव्हतं. आईपासून जे लपवलं, ते त्यानं स्वतःही समजून घेतलं नव्हतं. शरमेनं त्याचे डोळे भरून आले.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आईला सांगा. तिच्याशीच बोला. मी मागं बसून ऐकतो."

डॉक्टरबाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. कोणती गोळी कशासाठी, कोणती लक्षणं दिसताच रुग्णवाहिका बोलवायची, सगळं सांगितलं आणि भामाबाईंकडून पुन्हा वदवून घेतलं. भामाबाईंनी इतके प्रश्न विचारले की बाहेरचे रुग्ण ताटकळले.

वाचकहो, माणसाला आपल्या आजाराची माहिती देणं म्हणजे त्याला घाबरवणं नव्हे. हृदय ज्याचं, त्याच्याशी आधी बोला. त्याला अंधारात ठेवून आपण त्याला वाचवत नसतो, एकटं पाडत असतो.