सोडतीत निघालेली निळी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. आज माझ्याकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण एके काळी माझा रंग निळा होता, आणि त्या निळ्या रंगावर एक बाई भाळली होती.

ती शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, उशांचे अभ्रे, पडदे, जे मिळेल ते. सगळे तिला मावशी म्हणत. तिचे यजमान छापखान्यात काम करायचे आणि सगळे त्यांना काका म्हणत. मावशींचे यजमान काका कसे, हा नात्याचा गुंता कोणी सोडवत बसले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. म्हणून असेल कदाचित, पण मला घरी आणले तेव्हा मावशींनी आधी माझ्या काचेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अहो, बघा तरी, कशी टुकूटुकू बघतेय."

गाडी चालवायच्या त्या. काका शेजारी बसायचे. एकदा मावशींनी त्यांना शिकवायचा घाट घातला. काकांनी मला सुरू केले, पुढे जायचे ते मागे गेले आणि आमच्याच फाटकाला धडकले. मावशी इतक्या हसल्या, की त्यांना खाली उतरून फाटकाला धरून उभे राहावे लागले. काका म्हणाले, "राहू दे. माझं काम शेजारी बसायचं." त्या दिवसापासून ते खरोखरच तेवढेच काम करत राहिले.

माझी ती वर्षे सुखाची होती. माझ्या मागच्या सीटवर कपड्यांचे गठ्ठे असायचे. फटीफटीतून दोऱ्यांची टोके आणि टाचण्या अडकलेल्या असायच्या. बसणाऱ्याला एखादी टोचली, की मावशी म्हणायच्या, "टोचली ना? म्हणजे आता तुम्ही घरचे."

एके दिवशी त्या एका निवृत्त हेडबाईंकडे पडदे लावायला गेल्या. हेडबाईंची मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून दोनतीनदा इस्पितळात जाऊन रक्त शुद्ध करून घ्यावे लागायचे, आणि नेणारे कोणी नव्हते. पडदे लावता लावता मावशी म्हणाल्या, "त्यात काय, मी सोडते." ते 'त्यात काय' वाढत वाढत गेले. हेडबाईंच्या मागोमाग त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस आला, मग त्याच्या ओळखीची एक बाई आली. कपड्यांचे गठ्ठे डिकीत गेले आणि माझ्या मागच्या सीटवर थकलेली माणसे बसू लागली. जाताना ती बोलायची, येताना डोळे मिटून असायची. मी खड्डे चुकवायला शिकले, म्हणजे मावशी शिकल्या. पण आम्ही दोघी तेव्हा एकच होतो.

त्या माणसांत एक सुतार होता. साखरेच्या आजाराने त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्याची चाकाची खुर्ची माझ्या डिकीत मावत नसे आणि त्याला माझ्या दारातून आत घेणे म्हणजे दिव्य होते. काका आणि इस्पितळाचा रखवालदार त्याला उचलायचे. एकदा उचलताना त्याचे डोके दाराच्या चौकटीवर आपटले. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मला पोत्यासारखं नका उचलू हो. मी माणूस आहे."

पुढच्या खेपेला आम्ही त्याच्या घरी गेलो तर तो आला नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. "जायला होत नाही," एवढाच निरोप त्याच्या बायकोने दिला. मित्रांनो, तो उपचार असा आहे, की तो थांबवून चालत नाही. थोड्याच दिवसांत मावशी पांढरी साडी नेसून माझ्यात बसल्या आणि आम्ही त्याच्या घरी गेलो. परत येताना त्या काकांना म्हणाल्या, "आपल्याला खुर्चीसकट माणूस आत घेणारी गाडी पाहिजे. मागून खुर्ची उचलून घेणारा पाळणा खाली येतो ना, तसली."

"ती काय झाडाला लागते?" काका म्हणाले.

"नाही. पण ही आहे ना आपल्याकडे." आणि त्यांनी माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवला.

अशी माझ्या सोडतीची गोष्ट निघाली. तिकिटे विकायची, चिठ्ठी काढायची, ज्याचा नंबर येईल त्याला मी मिळायची, आणि जमलेल्या पैशांतून पाळण्याची गाडी घ्यायची. त्या रात्री काका जेवले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला आंघोळ घातली. रुसलेला माणूस भांडी जशी घासतो, तशी घातली.

ठरवाठरवी आमच्या अंगणात, माझ्या शेजारीच खुर्च्या टाकून व्हायची. शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या, "सरकारी परवानगीशिवाय एकही तिकीट विकायचं नाही, नाहीतर त्याला जुगार म्हणतात." त्यांनी परवानगी आणली. हेडबाईंनी विकणाऱ्यांना दटावले, की कोणाच्याही गळ्यात तिकीट मारायचे नाही, आधी सुताराची गोष्ट सांगायची. मी कुठे उभी करायची, इंजिन तपासून त्याचा दाखला कोणाकडून घ्यायचा, चिठ्ठ्या कशात ढवळायच्या, एकेका गोष्टीवर वाद व्हायचा. शेवटी छापखान्यातले शाईचे रिकामे पिंप धुऊन घ्यायचे ठरले.

तिकिटे काकांनी छापायची होती. ते कच्ची छपाई घेऊन आले आणि मावशींनी वाचून पाहिली.

"खाली एक ओळ घाला," त्या म्हणाल्या. "आयोजक आणि त्यांच्या घरच्यांना तिकीट घेता येणार नाही."

काका म्हणाले, "म्हणजे मलाही?"

"तुम्हाला तर मुळीच नाही. उद्या तुमचाच नंबर निघाला तर लोक काय म्हणतील?"

काकांनी ती ओळ घातली. बाकीच्यांहून जरा ठळकच छापली.

तिकिटे हातोहात खपू लागली. मला बाजारात, शाळेसमोर, वाचनालयाच्या दारात उभे केले जायचे. लोक माझे कौतुक करायचे. मुले हॉर्न वाजवून पाहायची. मावशी उन्हात उभ्या राहून सुताराची गोष्ट सांगायच्या आणि सांगता सांगता मध्येच माझ्या बॉनेटला टेकायच्या. आधी मला वाटले, दमल्या असतील.

त्या दमल्या नव्हत्या. आजारी होत्या. डॉक्टरांनी निदान सांगितले त्या दिवशी इस्पितळातून घरी त्यांनीच मला चालवत आणले. घरी आल्यावर काका म्हणाले, "आता ती सोडत-बिडत पुरे."

मावशी म्हणाल्या, "लोकांनी तिकिटं घेतलीत अहो. आजारी मी आहे, गाडी नाही."

मग एक दुपार आली. मावशी स्वयंपाकघरात कोसळल्या. काकांनी त्यांना कसेबसे बाहेर आणले, माझ्या मागच्या सीटवर निजवले आणि किल्ली हातात घेऊन माझ्या पुढच्या दाराशी उभे राहिले. दार उघडले. बसले. उतरले. पुन्हा बसले. माझी टाकी भरलेली होती, चाकांत हवा होती, रस्ता मला पाठ होता. मित्रांनो, माझ्यात काही म्हणता काही कमी नव्हते. किल्ली मात्र काकांच्या मुठीतच राहिली. शेवटी ते अनवाणी वकीलबाईंकडे धावले. त्या कोर्टातून यायच्या होत्या. काका रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत राहिले आणि मावशी आतून म्हणत होत्या, "अहो, इकडे या. जवळ बसा. येईल कोणीतरी."

वकीलबाई आल्या, त्यांनी मला दामटले आणि आम्ही पोचलो. मावशी त्या वेळी वाचल्या. पण घरी परत आल्या नाहीत. त्यांना आणायला मी गेलेच नाही. काही दिवसांनी त्यांना दुसऱ्या गाडीने, शववाहिनीने, आणले.

नंतर काका रोज कामावरून आले की माझे दार उघडायचे आणि बसायचे. स्टिअरिंगसमोर नाही, शेजारी, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. समोरच्या काचेतून फाटकाकडे बघत राहायचे. कुठे जायचे नसायचे. अंधार पडला की उतरून घरात जायचे.

सोडत जवळ आली तेव्हा मंडळी अंगणात जमली. वकीलबाई म्हणाल्या, "काका, बक्षीस बदलता येईल. मी पाहते परवानगीचं. कोणी नाही म्हणणार नाही. गाडी तुमच्याकडेच राहू दे."

काका म्हणाले, "तिकिटावर निळी मोटार छापलंय. मी छापलंय. ते आता फिरत नाही."

"पण काका—"

"तिनं सांगितलेलं एवढं एकच काम माझ्या हातून धड व्हायचं राहिलंय. ते करू द्या."

सोडतीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला साफ केले. सीटच्या फटीत बोटे घालून दोऱ्यांची टोके काढली. टाचण्या एकेक करून काढल्या आणि स्वतःच्या सदऱ्याच्या कॉलरला टोचून ठेवल्या, मावशी ठेवायच्या तशा. मग मागच्या सीटवर डोके टेकून रडले. मी त्यांचा आवाज बाहेर जाऊ दिला नाही. माझ्या काचा बंद होत्या.

दुसऱ्या दिवशी मैदान भरले होते. हेडबाईंनी पिंपात हात घालून चिठ्ठी काढली. नंबर एका बेकरीवाल्याचा निघाला. भला माणूस होता. बायकोला घेऊन धावत आला आणि माझ्याकडे बघून त्याला हसावे की काय करावे, कळेना. काकांनी त्याच्या हातात किल्ली दिली, पण लगेच सोडली नाही.

"दुसरा गिअर जरा हट्टी आहे," ते म्हणाले. "ढकलायचा नाही. थोडं थांबायचं, मग आपण होऊन जातो. थंडीत सुरू करताना घाई करायची नाही. चढावर ती कण्हते, पण घाबरू नका, चढते. वळताना डावीकडे किंचित ओढते, म्हणून हात असा धरायचा." त्यांनी हवेत हात धरून दाखवला. तो हात मावशींचा होता. ती बोटे तशीच, तो अंगठा तसाच.

बेकरीवाल्याने विचारले, "काका, किती वर्षं चालवलीत?"

"मी?" काका म्हणाले. "मला नाही चालवता येत."

मग त्यांनी किल्ली सोडली.

तेव्हापासून मी बेकरीवाल्याकडे आहे. त्याने मला पांढरा रंग दिला, दारांवर बेकरीचे चित्र काढले, मागची सीट काढून तिथे फळ्या बसवल्या. मला काही कमी नाही. भल्या पहाटे ताज्या पावांचा वास माझ्यात भरतो. लोक मला बघून हसतात. माझी हेळसांड झाली असे मी म्हणणार नाही.

परवा चौकात लाल दिव्याशी मी थांबले होते. शेजारी एक उंच गाडी येऊन उभी राहिली. तिला मागे पाळणा होता. आत एक आजी चाकाच्या खुर्चीत, खुर्चीसकट, ताठ बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी काका होते. खूप म्हातारे झाले आहेत. ते आजींच्या मांडीवरची पिशवी धरून काहीतरी सांगत होते आणि आजी हसत होत्या. मग काकांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिले. सरळ माझ्याकडे. कोणत्याही पांढऱ्या गाडीकडे बघावे तसे पाहिले आणि पुन्हा आजींकडे वळले.

मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. पण हॉर्न वाजवायला माणसाचा हात लागतो आणि बेकरीवाला हिरव्या दिव्याची वाट पाहत होता. दिवा हिरवा झाला. ते सरळ गेले, आम्ही वळलो.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिला धुवा, पुसा, वेळच्या वेळी तेलपाणी करा. ती जन्मभर तुमचे ऐकेल. पण माझे खरे मागणे निराळे आहे. जे माणूस तुम्हाला रोज नेते-आणते, त्याच्या शेजारी नुसते बसून राहू नका. हसे झाले तरी चालेल, फाटक मोडले तरी चालेल, पण त्याला येते ते शिकून घ्या. एखाद्या दुपारी त्यालाच कुठेतरी न्यायचे असते, आणि तेव्हा गाडी दारात उभी असून भागत नाही.